रात्रीचा लकवा आणि आमचं सीटी मशीन

रात्रपाळीला कॅज्युअल्टीतून लकव्याच्या पेशंटचा फोन आला की मी सीटी सुरू करता करता एकच विचारते, "शेवटचे नीट कधी होते?" त्रास कधी लक्षात आला हे नाही, घरच्यांनी धडधाकट कधी बघितलं, ते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजायचे असतात. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीनं ही मर्यादा तीन तासांची ठरवली होती, २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती साडेचारवर नेली.

मी मिरजेत काम करते. जत, कवठेमहांकाळ आणि पलीकडे अथणी, चिकोडीपासून पेशंट येतात, म्हणजे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. मागच्या पावसाळ्यात जत तालुक्यातले एक आजोबा पहाटे पावणेपाचला आले. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटेना. मुलगा म्हणाला, "दहाला जेवून झोपले. तीनला आईनं हलवलं तर तोंड वाकडं." दहापासून मोजलं तर पावणेसात तास. ड्युटी डॉक्टर म्हणाले, विंडो गेली, म्हणजे इंजेक्शनची वेळ टळली. तेवढ्यात दारात उभी असलेली सून पुढं आली. "दीडला पाणी मागितलं की त्यांनी. मीच तांब्या दिला. कुत्री का भुकायल्यात गं, म्हणाले."

एवढ्या एका वाक्यावर सगळं फिरलं. दीडला उठून नीट बोललेत, म्हणजे सहापर्यंत वेळ आहे. मी लगेच त्यांना टेबलावर घेतलं. साध्या सीटीला काही मिनिटं लागतात. त्यात ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो, आणि तो असेल तर हे इंजेक्शन देताच येत नाही. रक्तस्राव नव्हता. साखर बघितली, १८५/११० च्या वर गेलेलं बीपी खाली आणलं, वजनावर डोस काढला आणि साडेपाचच्या सुमारास इंजेक्शन सुरू झालं. आजोबा पुढं काठी घेऊन चालायला लागले. बोलणं अजून अडखळतं.

म्हणून 'दाखल व्हायच्या वेळेवर पेशंटचं भवितव्य ठरतं का' हा प्रश्न मला कागदावरचा वाटत नाही. कॅनडातल्या २०१० च्या अभ्यासात शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांपैकी ८.१ टक्के पेशंट सात दिवसांत दगावले, इतर वारी ७ टक्के. पुढं २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ७४ हजारांहून जास्त पेशंटांची नोंद तपासली, तेव्हा शनिवार-रविवारचा फरक दिसला नाही. दिसला तो रात्रीचा: आठवड्याच्या कामाच्या दिवसांत रात्री आलेल्यांचं तीस दिवसांनी जगण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. सौम्य लकव्याचा माणूस 'सकाळी बघू' म्हणून घरीच थांबतो आणि रात्री येतो तो मुळातच जास्त बेजार असतो, हेही त्यात असणार. पण सगळं त्यावर ढकलून चालणार नाही.

कारण इंग्लंडमधल्याच २०१४ च्या एका अभ्यासानं वॉर्डातली माणसं मोजली. शनिवार-रविवारी दहा खाटांमागं दीड नर्स असलेल्या वॉर्डांत मृत्यूचा धोका तीन नर्स असलेल्या वॉर्डांपेक्षा स्पष्ट जास्त निघाला. मोठ्या डॉक्टरांचा राउंड सातही दिवस होतो की नाही, यानं मात्र तसा फरक पडलेला दिसला नाही. आमच्या कुठल्याही सिस्टरला विचारा, तिला याचं नवल वाटणार नाही. गिळता येतंय का हे न बघता नातेवाईक चहा पाजतात आणि तो फुप्फुसात जातो. ते रात्री अडवणार कोण? एकटी सिस्टर सलाईन बदलत दुसऱ्या टोकाला असते.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या हॉस्पिटलचं मला फार कौतुक आहे. १९९८ मध्ये तिथं पेशंट दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंत १०५ मिनिटं लागायची, २०११ ला ती २० वर आली. पेशंट वाटेत असतानाच माहिती घ्यायची, अँब्युलन्सचं स्ट्रेचर थेट सीटीत न्यायचं आणि इंजेक्शन सीटीच्या टेबलावरच सुरू करायचं. यातलं बरंचसं आम्हालाही जमण्यासारखं आहे. सुनेला तो प्रश्न फोनवर, गाडी कवठेमहांकाळला असतानाही विचारता आला असता. अनामत रक्कम इंजेक्शन सुरू झाल्यावर भरून घेता येते, मेडिकलमधून औषध आणायच्या चिठ्ठीऐवजी एक डोस सीटी रूमच्या फ्रिजमध्ये ठेवता येतो.

एमआरआयचं अवघड आहे. झोपेतच लकवा झालेल्या आणि वेळ कुणालाच माहीत नसलेल्या काही पेशंटांना एमआरआय बघून इंजेक्शन देता येतं, हे २०१८ च्या युरोपातल्या चाचणीनं दाखवलं. आमचं एमआरआय मात्र रात्री बंद असतं, तंत्रज्ञाला सांगलीहून बोलवावं लागतं. या महिन्याच्या बैठकीसाठी मी दोन गोष्टी लिहून दिल्यात. एमआरआयवाला रात्री आवारातच असावा. आणि दारापासून इंजेक्शनपर्यंतची मिनिटं रात्री आठ ते सकाळी आठ अशी वेगळी काढून दर महिन्याला आमच्यासमोर ठेवावीत. दिवसा-रात्रीची एकत्र सरासरी नको.