हातातली सुरमई
आज पहाटे साडेपाचला मढच्या किनाऱ्यावरून कयाक लोटली. अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, म्हणून पाण्याला ओढ कमी. उधाणाला हे असले धंदे नकोत.

दोन तास काही नाही. वल्हवून खांदे भरून आले. आणि मग लागली! रीळ करकरत फिरायला लागलं, कयाकचं नाक गर्रकन वळलं आणि निघालो तिच्या मर्जीने खोल पाण्याकडे. सुरमईच. पहिली धाव तशीच, सरळ आणि लांबलचक. मग दोरी एकदम सैल. ओढून बघतो तर गळाच्या वर सुरीने कापावी तशी तुटलेली. दात असलेल्या माशाला स्टीलची तार लावायची असते, हे मीच चार जणांना शिकवतो!

जाळं शिवत बसलेले काका रिकाम्या डब्यात डोकावून म्हणाले, "बाजारातनं घेऊन जा, घरी कोण विचारतंय?"

घेतली. आईने डोळे बघितले, माझे नव्हे, माशाचे. "बर्फातली आहे."