मगर खरी आहे का? आणि बाकीचे प्रश्न

स्मरणिका समितीत आमच्याच बॅचची एक मैत्रीण आहे, तिचा मेसेज आला की सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी मनोगत दे, दोन-तीन पानं चालतील, आणि कृपा करून 'शाळेने मला घडवलं' असलं काही लिहू नकोस, ते बाकी सगळ्यांनी लिहून झालंय. मग मी म्हटलं की माझ्या आठवणी कोणाला वाचायच्यात, त्यापेक्षा आत्ता शाळेत असलेल्या पोरांनाच प्रश्न विचारू देत, मी उत्तरं देते. तिने पाचवी ते आठवीच्या वर्गांमधून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि त्या पिशवीभर चिठ्ठ्या कुरिअरने माझ्याकडे आल्या. काही वहीच्या पानावर, काही बसच्या तिकिटामागे, एक तर चक्क गणिताच्या चाचणीच्या पेपरमागे (बारा मार्क, वीसपैकी, नाव सांगत नाही).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. पहिली आपल्या चिपळुणातच घडते, वाशिष्ठीच्या काठावर, त्यात एक बहीणभाऊ आहेत, त्यांचे आजोबा आहेत, पूर आहे आणि एक मगर आहे. ती शाळेच्या लायब्ररीत आहे म्हणे, त्यामुळे निम्म्याहून जास्त प्रश्न तिच्याबद्दलच आलेत, आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे मगर खरी आहे का.

खरी आहे. म्हणजे तीच मगर नाही, पण वाशिष्ठीत मगरी आहेत हे तुम्हाला मी काय सांगायचं, गोवळकोटच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर उन्हात पडलेल्या किती बघितल्या असतील, आणि पावसाळ्यात एखादी रस्त्यावर आली की तिचा व्हिडिओ तासाभरात सगळ्या ग्रुपवर फिरतो. पण एका मुलाने विचारलंय त्याचं मला जास्त कौतुक वाटलं. 'तुम्ही लिहिलंय की मगर पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते, माझे आजोबा पण असंच सांगतात, तुम्ही कुठे बघितलं?' मी बघितलं नाही रे. दाभोळच्या खाडीत होडी चालवणाऱ्यांकडून ऐकलं, मग पुस्तकांतून तपासलं, आणि मगच लिहिलं. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या आसपास पिल्लं आतूनच आवाज करायला लागतात, तो ऐकून ती माती उकरते आणि पिल्लं जबड्यात धरून पाण्यात सोडते. ही माहिती मिळाली तेव्हा माझी अर्धी गोष्ट आपोआप तयार झाली, कारण माझ्या गोष्टीतली मुलं तोपर्यंत मगरीला नुसती घाबरतच होती, त्यांना तिच्याबद्दल दुसरं काही वाटायला कारणच नव्हतं.

मुलांसाठी लिहिताना पात्रं मनाने रचता येतात, नदी रचता येत नाही. मोठी माणसं पुस्तकातली नदी वाचून पुढे जातात, तुम्ही जाऊन बघून येता. आपली नदी मे महिन्यातही वाहती का असते, तर कोयनेची वीज झाल्यावर पोफळीकडून सोडलेलं पाणी तिच्यात येतं म्हणून. हे मी कादंबरीत एकाच वाक्यात सांगितलंय पण त्या एका वाक्यासाठी किती जणांना फोन केले होते विचारू नका. एकीने लिहिलंय की मुखपृष्ठावरची मगर हसतेय असं वाटतं. ती हसत नाही बाई, तिचा जबडाच तसा असतो, आणि उन्हात तोंड उघडं ठेवून पडते ती अंगातली गरमी घालवायला. चित्रकाराने फोटो बघून बघून काढलीय ती.

आता दुसरा लाडका प्रश्न, एक पुस्तक लिहायला किती दिवस लागतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली, म्हणजे तिचा बराचसा भाग, उरलेल्या रात्री बाहेर आल्यावर. हे ऐकलं की माझ्यासारख्यांना स्वतःची लाज वाटते, मला दीड-दोन वर्षं लागतात. पण त्यातही एक गोष्ट बघा, त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असं आहे, श्याम रोज रात्री समोर बसलेल्यांना सांगतोय. आणि गुरुजी त्याआधी अमळनेरला शाळेत शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे, रोज. म्हणजे लिहिणं पाच दिवसांचं असेल, सांगण्याची सवय कितीतरी वर्षांची. मला वाटतं खरं उत्तर ते आहे, आणि मला ती सवय कुठे लागली हे सांगायला मला शाळेतच यावं लागेल, मैत्रिणीने कितीही बजावलं असलं तरी.

आमच्या वेळी मागच्या अंगाच्या खोल्यांवर पत्रे होते. नवीन इमारत नंतरची. ऑफ तासाला बदली शिक्षक नसले की मराठीच्या बाई मला किंवा अजून एकीला उभं करायच्या आणि सांगायच्या, गोष्ट सांग, आवाज बाहेर येता कामा नये. वर्गाचा आवाज म्हणायच्या त्या, माझा नव्हे. सुरुवातीला मी वाचलेल्याच गोष्टी सांगायचे, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून पुस्तकं आणायची आणि सांगून टाकायची. फास्टर फेणे तर सगळा सांगून संपवला. पण वर्ग हुशार, निम्म्यांनी ती पुस्तकं वाचलेली, मी 'आणि तेवढ्यात' म्हटलं की मागून कोणीतरी पुढचं सांगून मोकळं. मग मी स्वतःच्या रचायला लागले, नाईलाजाने.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडायला लागला की पत्र्यावर असा काही आवाज व्हायचा की दुसऱ्या बेंचला ऐकू जायचं नाही. तेव्हा 'सायंकाळचा समय होता, पश्चिमेस केशरी रंग पसरला होता' असलं काही सांगायला गेलं तर ते पावसातच वाहून जायचं, कोणाच्या कानापर्यंत पोचायचं नाही. पोचायचं काय, तर ओरडून म्हटलेलं छोटं वाक्य. 'साकव तुटला!' पोचायचं. 'कोण आहे तिकडे?' पोचायचं. लोकांमधलं बोलणं पोचायचं. सर जोरात आली की थांबायचं, आणि थांबायच्या आधी असं काहीतरी सांगून ठेवायचं की पाऊस ओसरेपर्यंत पोरं जागेवर बसून राहतील. आता माझ्या पुस्तकांची परीक्षणं येतात त्यात 'लेखिकेची संवादप्रधान शैली, छोटी वाक्यं' वगैरे लिहितात, मला हसू येतं. शैली कसली, पत्रे होते.

दुसरं म्हणजे कंटाळा. वर्ग कंटाळला की तोंडाने सांगत नाही, आधी कंपासपेट्या वाजतात, मग कोणीतरी खिडकीबाहेर बघतं आणि त्याच्याबरोबर अख्खी रांग बाहेर बघते. नेमक्या कुठल्या वाक्याला पेटी वाजली हे मी घरी जाऊन आठवायचे. अजूनही कादंबरीचा कच्चा मसुदा झाला की मी एखाद्या शाळेत जाऊन मोठ्याने वाचते, कागदावर पेन्सिलीने खुणा करते, जिथे चुळबूळ तिथे खूण, आणि घरी येऊन ते पान सरळ काढून टाकते. संपादकांशी मी भांडते, सातवीच्या वर्गाशी भांडत नाही.

लहानपणी काय वाचायचात असं बऱ्याच जणांनी विचारलंय. वरती आलंच, वाचन मंदिर. १८६४ सालचं ते, म्हणजे तुमच्या पणजोबांच्याही आधीचं. २००५ च्या २६ जुलैला तिथली किती पुस्तकं पाण्यात गेली, लोकांनी परत उभं केलं, २०१३ ला आपल्याकडे साहित्य संमेलन झालं ते त्याच लोकांनी घडवून आणलं, आणि २२ जुलै २०२१ ला परत पाणी. मी त्यानंतर गेले होते, ती ओल्या कागदाची चिखलट वासाची खोली मला कादंबरीत घालायची होती पण जमलं नाही, अजून जमलेलं नाही. शिवाय 'किशोर', बालभारतीचं, १९७१ पासूनचं मासिक, त्याचे जुने अंक आता नेटवर फुकट वाचायला मिळतात, मोबाईल हातात असतोच तुमच्या तर तेही बघा कधीतरी.

पाचवीतल्या एकाने विचारलंय की तुमच्या गोष्टीतली मुलं मोठी का होत नाहीत. कारण फास्टर फेणे पण झाला नाही! भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीसेक पुस्तकं लिहिली, फुरसुंगीचा बन्या पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला तो शिकतोच आहे. सिनेमावाल्यांनी २०१७ मध्ये त्याला कॉलेजच्या वयाचा केला, मला ते फारसं पटलं नाही, सिनेमा चांगला होता तरी. सायकलवरून फिरणाऱ्या पोराला कोणी 'तुझं वय काय, परवाना काय' विचारत नाही, सगळीकडे घुसता येतं, मोठा झाला की नोकरी, लग्न, लोन, गोष्ट संपली.

एक चिठ्ठी मात्र मी बरेच दिवस टेबलावर ठेवून दिली होती. सहावीतल्या मुलीची. 'आजोबा का मेले? मला राग आला. पुढचं मी वाचलं नाही.' बस, एवढंच. तर तुला सांगते, संपादक पण हेच म्हणाले होते, मुलांचं पुस्तक आहे, म्हातारा वाचवा की, एखाद्या झाडाला धरून राहिला असं दाखवा. मी तसं लिहूनही बघितलं. पण त्याच्या आधीच्या पानावर ते आजोबा रात्री पाणी चढताना गोठ्यातल्या म्हशींची दावी सोडायला गेलेत, छातीभर पाण्यात, नातवंडांना माळ्यावर चढवून. तसा माणूस मधूनच म्हशी टाकून झाडाकडे पोहत जाईल का? नाही जाणार. मग मी त्याला झाडावर बसवला असता तर तो तिथे बसलेला आजोबा दुसराच कोणीतरी झाला असता. आणि आपल्या गावात असं घर कुठलं ना कुठलं आहेच जिथे पुराच्या रात्रीबद्दल आजही कोणी बोलत नाही, त्या घरातल्या मुलाच्या हातात हे पुस्तक पडलं तर त्याला झाडाचं खोटं लगेच कळलं असतं. तुझा राग बरोबर आहे. पुढचं वाचायलाच पाहिजे असं काही नाही, पण म्हशी वाचल्यात, आणि शेवटच्या प्रकरणात त्यांच्यातली एक परत येते, एवढं सांगून ठेवते.

पैसे किती मिळतात हे विचारणाऱ्याने नाव लिहिलेलं नाही, शहाणा आहे. मराठीत मुलांच्या कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, म्हणजे दीडशे रुपयांच्या पुस्तकामागे पंधरा, हजार खपली तर पंधरा हजार, आणि खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणून मी नोकरीही करते. तरीही लिहायचं असेल तर या.

चॅटजीपीटीने गोष्ट लिहून दिली तर चालेल का, हा प्रश्न तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहे आणि शब्द अगदी तेच आहेत, म्हणजे कोणीतरी वर्गात फिरवलाय. होमवर्कचं तुमच्या सरांना विचारा. पण गंमत म्हणून त्याला सांगा की पेठमापातल्या पोराची पुराची गोष्ट लिही, आणि मग ती ऑफ तासाला उभं राहून वर्गाला वाचून दाखवा. कितव्या ओळीला कंपासपेटी वाजते ते बघा आणि मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

मराठीत किती मार्क पडायचे, व्याकरण येतं का, मोडी येते का, नवरा पण लिहितो का, शाळेत मार खाल्लाय का, या सगळ्यांची उत्तरं अनुक्रमे बरे, जेमतेम, नाही, नाही, हो.

राहिला तो शेवटचा, बऱ्याच मुलींनी विचारलेला, आम्ही गोष्ट लिहून पाठवली तर वाचाल का. वाचेन. आईने, बाबांनी किंवा क्लासच्या मॅडमनी दुरुस्त केलेली पाठवू नका, मला लगेच ओळखू येते, तिच्यात सगळी मुलं शेवटी माफी मागतात. शुद्धलेखनाच्या चुका असू देत. मोठी असली तर चालेल, अर्धवट असली तरी चालेल, पुढे काय करू असं विचारलंत तर मी उत्तर देणार नाही पण तुम्हाला चार उलट प्रश्न विचारेन. आणि पाठवायच्या आधी एकदा शेजारच्या बेंचवरच्याला वाचून दाखवा, मित्राला नको, ज्याच्याशी जरा पटत नाही अशाला. माझा पत्ता शाळेच्या ऑफिसात देऊन ठेवलाय. मेअखेरपर्यंत पोस्टात टाका, एकदा पाऊस सुरू झाला की आपल्याकडची पाकिटं भिजून येतात आणि शाई पसरते.