‘लागू नाही’

२०२३च्या नोव्हेंबरात आमच्या संस्थेत सिक्युरिटी ऑडिट लागलं आणि स्कॅनरचा अकरा पानी रिपोर्ट माझ्या टेबलावर येऊन पडला. त्यातली सात पानं एकट्या प्रॉक्सीची, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ज्या सर्व्हरमधून जातं त्याची. प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे स्क्विड, दोन मशीनवर. मुख्य कार्यालयात उबंटू २०.०४ आणि जुन्या इमारतीत सेंटओएस ७, दोन्ही लिनक्सच. या दुसऱ्या मशीनचा रूट पासवर्ड माझ्या आधीच्या माणसाने जाताना एका पाकिटावर लिहून दिला होता, बाकी माहिती शून्य.

साहेब म्हणाले, “एक्सेल कर. प्रत्येक सीव्हीईपुढे लागू आहे की नाही, एवढंच लिही. शुक्रवारी द्यायचंय.” सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला मिळालेला नंबर.

पहिला घोळ व्हर्जनचा. स्क्विडच्या एरर पानाच्या तळाशी व्हर्जन छापलेलं असतं. स्कॅनर तेवढं वाचतो आणि त्या व्हर्जनमध्ये आजवर सापडलेल्या सगळ्या त्रुटी आपल्या नावावर मांडतो. उबंटूवर तो आकडा ४.१० दिसत होता, पण उबंटूवाले व्हर्जन तेच ठेवून नव्या दुरुस्त्या जुन्या कोडमध्ये बसवतात, म्हणजे बॅकपोर्ट करतात. त्यामुळे खरं काय ते पॅकेजच्या चेंजलॉगमध्येच, म्हणजे बदलांच्या नोंदीतच कळतं. मग काय, एकेक सीव्हीई नंबर घ्यायचा, चेंजलॉगमध्ये शोधायचा, सापडला की पॅकेजचा पूर्ण आकडा शेजारच्या रकान्यात टाकायचा. शेजारी बसणारा मित्र म्हणाला, “व्हर्जन लपवायची सेटिंग आहे ना? ती चालू कर, स्कॅनर गप्प बसेल.” गप्प बसला असता, खरंय. भोकं जिथल्या तिथेच राहिली असती.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो सीव्हीई-२०२३-४६८४७ ने. स्क्विडच्या डायजेस्ट ऑथेंटिकेशनमधला (ही लॉगिन तपासायची एक पद्धत) बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाणं, ३.२ पासून ६.३ पर्यंत सगळीकडे, दुरुस्ती ६.४ मध्ये. मी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, उघडून वाचला. डायजेस्टच्या हेडरमध्ये ‘एनसी’ नावाचा एक मोजणीचा आकडा येतो, तो बरोबर आठ अक्षरांचा असायला हवा. जुना कोड लांबी तपासायचा. आठ नसली तर लॉगमध्ये ‘चुकीचा एनसी’ अशी नोंद करायचा आणि पुढच्याच ओळीत तो जेवढा लांब असेल तेवढा, आठ अक्षरांच्या जागेत कॉपी करायचा! वॉचमनने अनोळखी माणसाचं नाव वहीत लिहावं आणि मग स्वतःच फाटक उघडून द्यावं, तसं. पॅचमध्ये मुख्य बदल म्हणाल तर एवढाच, की कॉपी करायची ओळ अटीच्या आत गेली.

पण आम्ही डायजेस्ट वापरतच नव्हतो. दोन्ही मशीनवर मुख्य कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘डायजेस्ट’ शोधलं, एकही ओळ नाही. दोन्ही रकान्यांत ‘लागू नाही’ लिहिलं आणि फाइल साहेबांना पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात सेंटओएसच्या मशीनवर एक ब्लॉकलिस्ट (बंद ठेवायच्या साइट्सची यादी) बदलायची होती. रीलोडच्या आधी कॉन्फिग तपासायची कमांड चालवायची मला सवय आहे. ती स्क्विड वाचतो त्या प्रत्येक फाइलचं नाव दाखवते. मुख्य फाइलपुढे ‘डेप्थ ०’ असतं. त्याखाली मला ‘डेप्थ १’ दिसलं. म्हणजे मुख्य फाइलमधून दुसरी एक फाइल आत ओढली जात होती. ती उघडली तर पहिल्या चारही ओळी डायजेस्टच्या. वर कॉमेंट: ‘हजेरीसाठी, तात्पुरतं’. तारीख चार वर्षांपूर्वीची. स्क्विड ३.५.२०, आणि त्या मशीनवर वर्षभरात एकही अपडेट झालेलं नव्हतं. मी त्या मशीनपुढे ‘लागू नाही’ लिहून दिलं होतं.

पॅकेज अपडेट केलं (आकडा अपडेटनंतरही ३.५.२०च दिसतो, म्हणून चेंजलॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवला) आणि डायजेस्टही बंद करून टाकलं. सोमवारी सकाळी साडेनऊला आस्थापना विभागातल्या ताईंचा फोन. “अहो, आज एकाचीही हजेरी पुढे गेली नाही. साहेबांचीसुद्धा नाही!” हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर डायजेस्टनेच लॉगिन करत होतं. शेवटी त्या एका आयपीला बिनलॉगिन, पण फक्त हजेरीच्या सर्व्हरपर्यंतच जाऊ दिलं. त्या दिवसाची हजेरी ताईंनी हाताने भरली.

त्यानंतर एक्सेल पुन्हा पहिल्यापासून केलं. ‘कसं तपासलं’ हा नवा रकाना घातला आणि त्यात कमांड, तिचं आउटपुट आणि तारीख लिहीत गेलो. ‘लागू नाही’ लिहायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ या एका रकान्याला लागतो.

आणखी एक भानगड होती. जोशुआ रॉजर्स नावाच्या संशोधकाने २०२१ मध्ये स्क्विडचा कोड तपासून ५५ त्रुटी काढल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने त्या जाहीर केल्या तेव्हा त्यातल्या ३५ दुरुस्त झालेल्या नव्हत्या. स्क्विड सांभाळणारी माणसं मोजकी, त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही. पण त्यातल्या बऱ्याच त्रुटींना सीव्हीई नंबरच नव्हता. नंबर नाही म्हणून स्कॅनरला दिसत नाहीत, आणि स्कॅनरला दिसत नाहीत म्हणून ऑडिटमध्ये येत नाहीत. मी त्यांच्यासाठी वेगळी शीट केली: कोणती सोय चालू असेल तर त्रास, आमच्याकडे ती चालू आहे का, नको असेल तर बंद केली का. साहेब म्हणाले, “विचारलेलं नाही ते कशाला सांगतोस?” शेवटी शीट राहिली, फक्त तिचं नाव ‘परिशिष्ट’ झालं.

डायजेस्टच्या ओळीत मी पहिली चुकीची नोंद खोडून, पण वाचता येईल अशी ठेवली होती. साहेबांनी ती काढून टाकायला सांगितलं. मी काढली नाही, फॉन्ट तेवढा लहान केला.