मान नको हलवूस, भाता ऐकू येतो

शनिवार, रात्री साडेअकरा

आज तालमीत आम्ही तीनदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घसरलो. भूप रागातला तराणा, द्रुत तीनताल, शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं). गाणाऱ्या ताई डोळ्यांनी खुणावतात, मी पेटीवरून मान हलवते आणि सगळे समेवर येतात, ही इतक्या वर्षांची सवय. पण तबल्यावरच्या दादांना जन्मापासून दिसत नाही. मग मी मान हलवत होते ती कुणासाठी?

चौथ्या वेळी दादांनी हात थांबवला. "मान नको हलवूस गं. शेवटच्या आवर्तनाआधी तू पेटीचा भाता जरा जोरात ओढतेस, ते मला ऐकू येतं. तेवढं दर वेळी कर." वीस वर्षं पेटी वाजवतेय, भात्याची ही सवय मला ठाऊक नव्हती. मग ठरलं: भाता जोरात ओढला की समजायचं, शेवटचं आवर्तन आलं; मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, लागोपाठ दोनदा आला की तिहाई. नजरेची खूण बंद. पुढच्या फेरीत ताई डोळे मिटून गायल्या, आणि सम अशी चोख पडली की दादांची थाप आणि माझा षड्ज वेगळे काढता येईनात.

घरी येऊन ब्रिटनच्या पॅराऑर्केस्ट्राचं, म्हणजे अपंग वादकांना सोबत घेऊन उभ्या केलेल्या वाद्यवृंदाचं, वादन ऐकत बसले. चार्ल्स हेझलवूड यांनी २०११ साली तो उभा केला, २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या समारोपात तो वाजला. त्यात आपल्या उत्तर प्रदेशातले दृष्टिहीन सतारिये बलूजी श्रीवास्तव होते. अपघातानंतर हात हलेनासे झालेले ट्रम्पेटवादक क्लॅरेन्स अडू होते. त्यांच्यासाठी मान हलवून आणि फुंकून वाजवायचं वाद्यच नवं घडवलं गेलं. बोर्नमथ सिम्फनीच्या 'रेझाउंड' या अपंग वादकांच्या वृंदाचं संचालन करताना जेम्स रोझ चष्म्याला बसवलेल्या छडीने ताल देत. माणसाला वाद्यात कोंबायचं नाही, वाद्य माणसाकडे न्यायचं. मला हे फार पटतं.

आमच्याकडे अजून पायऱ्यांशीच झगडा. उद्याच्या कार्यक्रमाच्या सभागृहात रंगमंचाला पाच पायऱ्या, रॅम्प नाही, आणि आमची बासरीवाली चाकांच्या खुर्चीवर. आयोजक प्रेमानेच म्हणाले, "चौघं मिळून खुर्ची उचलू." बासरीवाली पोर शांतपणे म्हणाली, "मी सामान नाही, काका." बावीस वर्षांची आहे. मला भरून आलं, पण तिला माझं भरून येणं नको होतं, जागा हवी होती.

निवेदनात 'अपंगत्वावर मात करून' असं लिहिलं होतं. ती ओळ मीच खोडली. दादा तबल्यात पंचवीस वर्षं मुरलेत, ते लिहा म्हटलं. श्रोत्यांनी हळहळू नये. तिहाई चुकली तर चुकली म्हणावं, साधली तर दाद द्यावी.

रंगमंच रिकामाच राहील. बैठक खाली, पहिल्या रांगेच्या पुढे. सतरंज्या आयोजक देणार आहेत. मधोमध दीड मीटरची वाट मोकळी ठेवायची, खुर्ची वळायला. पेटी दादांच्या उजव्या हाताला घेणार आहे, भाता त्यांच्या कानाशी यावा म्हणून. सकाळी नऊला जुळवाजुळव.