वहीची प्रगती: ‘फर’ची चार पानं भरली

झाडांच्या नावांच्या वहीत ‘फर’ला, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सुईसारख्या पानांच्या झाडाला, एकच पान राखलं होतं. चार भरली, पाचवं चालू आहे.

सुरुवातच चुकली. गेल्या डिसेंबरात नर्सरीतून आणलेल्या ‘ख्रिसमस ट्री’ची डहाळी फर म्हणून बेधडक चिकटवली. ती निघाली अरॉकेरिया, पार पॅसिफिक बेटांकडची. पान फाडलं नाही, रेघ मारली. (आईने तर ‘फरचं झाड’ ऐकून विचारलं, केसाळ असतं का?)

मग जूनमध्ये मनाली. वाटाड्या एका झाडाला तोश म्हणे, दुसऱ्याला राई. मला दोन्ही सारखीच. तोशखाली अर्धा तास अख्खा शंकू शोधला, हाती नुसते खवले. मग उलगडलं: तोश म्हणजे फर, त्याचे शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन झडतात. राई म्हणजे स्प्रूस, त्याचे लोंबतात आणि अख्खे पडतात. सुई चिमटीत फिरवा: राईची चौधारी, सहज फिरते, तोशची चपटी, अडते. सुया झडलेली राईची डहाळी कानशीसारखी खरखरते, तोशची गुळगुळीत.

नावांनी मात्र माझी झोप उडवली. इंग्रजी ‘फर’चा सख्खा भाऊ नॉर्वेजियन ‘फुरू’, पण तो म्हणजे पाइन! लॅटिन ‘क्वेर्कुस’ही त्याच शब्दमुळाशी जोडतात आणि तो तर ओक. पोलिश ‘योद्वा’ फर, त्याच मुळाचा रशियन ‘येल’ स्प्रूस. जर्मन ‘टाने’ म्हणजे फर, तरी ‘रोटटाने’, म्हणजे लाल टाने, हे स्प्रूसचं नाव. वाटलं, शास्त्रीय नाव तरी सरळ असेल. कसलं काय! लॅटिनमध्ये ‘आबिएस’ म्हणजे फर, पण वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने 1753 मध्ये स्प्रूसला पायनस आबिएस आणि फरला पायनस पायसिया म्हटलं, जुन्या वापराच्या नेमकं उलट. पुढे या नावांतलं पायनस गेलं, तरी युरोपातला स्प्रूस आजही पायसिया आबिएसच आहे. डग्लस फरही खरा फर नाही, पण त्याला पान द्यायचं नाही असं ठरवलंय, नाहीतर वही कधीच संपणार नाही.

पाचवं पान तालीसपत्राचं. आयुर्वेदातल्या तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरची पानं. पण याच नावाखाली ‘यू’ नावाच्या दुसऱ्याच झाडाची पानंही विकली जातात, आणि यू विषारी. काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणली, सुई चिमटीत फिरवली, अडली. खूश झालो, मग आठवलं: यूचं पानही चपटंच. फरक टोकात आहे, फरचं बहुधा दुभंगलेलं, यूचं अणकुचीदार. पुडीत निम्मा चुरा. टोक शाबूत असलेली पानं वर्तमानपत्रावर वेगळी काढतोय, आतापर्यंत अकरा सापडलीत. भिंग शेजारच्या पोराकडे आहे, ते आलं की बघतो.