अ.पा.क. गेलं, मग?

आमच्या आबांनी जाण्याआधी मृत्युपत्रात नातवाच्या नावे दीड एकर लिहून ठेवलं होतं. सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि मग माझं नाव. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या पोराचा सांभाळ करणारा. ती अक्षरं मी कधी नीट वाचलीसुद्धा नव्हती. पोराला अठरा पूर्ण झाली तेव्हा तलाठी आप्पा सहज बोलून गेले, "भाऊ, आता हे अ.पा.क. निघेल बरं. पुढे सही त्याचीच लागेल."

पोरगा मतिमंद आहे, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. नाव गिरवतो, पण कशावर गिरवतोय ते त्याला कळत नाही. उद्या कोणी चहा पाजून त्याच्याकडून सही घेतली तर? त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेतही तेच. खातं अज्ञानाचं होतं, आता चालणार नाही म्हणाले. आणि बाप समोर उभा असून उपयोग नाही. कायद्यानं आईबापाचं पालकपण अठरा पूर्ण झाले की संपतं, पोराचं डोकं कितीही लहान असो.

वाट दाखवली ती पोरगा कामाला जातो त्या अमळनेरच्या कार्यशाळेतल्या मॅडमनी. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चारांपैकी काही असेल तर कोर्टात न जाता पालकत्व मिळतं. (आमच्या गल्लीतल्या बहिऱ्या पोरीच्या वडिलांनी माझं बघून धावपळ सुरू केली होती, त्यांना थांबवलं. तिला हे लागतच नाही.) अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, शिवाय एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग सदस्य.

कागदांचं सांगत बसत नाही. जन्मदाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, रहिवासी पुरावा, फोटो. एका दाखल्यावर आडनावात 'ळ' आणि दुसऱ्यावर 'ल', तेवढ्यासाठी दोन महिने गेले.

अडलो ते वेगळ्याच ठिकाणी. मॅडम म्हणाल्या, "समिती दोन गोष्टी बघते. पालक लागतो का, आणि कशासाठी लागतो." मी म्हटलं, सगळ्यासाठी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यासाठी? मग तो घरी एसटीनं येतो ते कोण करतं?"

त्या एसटीची गोष्ट सांगायलाच हवी. पारोळा रस्त्यावर आमचं गाव. आधी वर्षभर मी नाहीतर त्याची आई सोबत, मग मी मागच्या सीटवर अनोळखी बनून, मग तो एकटा. वाचता येत नाही, म्हणून उतरायची खूण ठरवली: जिनिंगच्या आवारातला कापसाचा पांढरा ढीग दिसला की उठायचं. सगळा हिवाळा बिनचूक. एप्रिलमध्ये एके दिवशी पोरगा घरी आलाच नाही. कापूस संपला होता, ढीग नव्हता, तर तो कशाला उठेल? बसून राहिला थेट पारोळ्यापर्यंत. खिशातल्या कार्डावरचा नंबर बघून कंडक्टर ताईंनी फोन केला. मी धापा टाकत स्टँडवर पोचलो तर हा बाकावर भेळभत्ता खातोय. चूक त्याची नव्हती, खूण आम्ही कच्ची दिली होती. आता नाल्यावरचा पूल आला की उठतो. कंडक्टरनं "कोठे जानं शे रे दादा?" विचारलं की आधी सवलतीचं कार्ड पुढे करतो, मग गावाचं नाव सांगतो. तिकिटात ७५ टक्के सूट आहे.

पैशांचं मात्र अवघड. नोटा रंगावरून ओळखतो, आणि वीसची हिरवट पिवळी नि दोनशेची पिवळी त्याला एकच वाटते. मंगळवारी मंगळ ग्रह मंदिराच्या गर्दीत कार्यशाळेची मुलं फुलवाती विकतात, तिथे यानं एका बाईंना वीस परत द्यायच्या जागी दोनशे दिले. त्या बाईंनी लगेच परत केले, म्हणून निभावलं.

शेवटी अर्जासोबत लिहून दिलं: जमीन, बँक, दवाखान्यातल्या संमतीच्या सह्या, यासाठी पालक हवा. रोजचं येणंजाणं, काम, कपडालत्ता त्याचं त्याला. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. आमची पाळी दुसऱ्या बैठकीत आली. धरणगावमार्गे जळगावला गेलो. साहेबांनी मला कमी आणि त्यालाच जास्त विचारलं. कोणाजवळ राहतो, जेवण कोण देतं. "माय," म्हणाला. "आणि वडील?" माझ्याकडे बघून म्हणाला, "एसटीमा मांगे बसस." खोलीत सगळे हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

प्रमाणपत्र आलं, बँकेचं खातं सुरू झालं. आता कायद्याप्रमाणे नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. परवा यादी करायला बसलो. दीड एकर, खात्यातली रक्कम. कार्यशाळेतून मिळालेले पैसे तो एका बिस्किटाच्या डब्यात ठेवतो, ते लिहायचे का, म्हणून मी त्याच्या आईला विचारलं.

"त्याले इचारा ना," ती म्हणाली.

विचारलं. त्यानं डबा उचलला आणि बाजरीच्या कोठीमागे नेऊन ठेवला.