शेरूच्या पोटातलं पाणी आणि सुजलेलं पित्ताशय: माझा अनुभव

आमचा शेरू लॅब्रॅडॉर कुत्रा आहे, वय ९. पोट फुगायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले जाड झालाय, पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे, मग जाड कसला? डॉक्टरांनी पोटाच्या एका बाजूला टिचकी मारली तर दुसऱ्या बाजूच्या हाताला लाट लागली. पाणीच होतं.

सोनोग्राफीत पाणी, पित्ताशयाची भिंत जाड आणि आत गाळ. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमी, १.४, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलेलं, प्लेटलेट कमी आणि गोचीड तापाची टेस्ट पॉझिटिव्ह. मी म्हटलं सगळं पाणी काढून टाका ना एकदाचं, तर ते म्हणाले, "ताई, पाण्याबरोबर प्रोटीनही जातं आणि कारण तसंच राहिलं तर पुन्हा भरतं." म्हणून श्वास मोकळा होईल एवढंच काढलं आणि थोडं लॅबला पाठवलं. ही तपासणी कृपया टाळू नका, कारण पाण्यातलं बिलिरुबिन (पित्तातला पिवळा घटक) रक्तातल्यापेक्षा दुपटीहून जास्त निघालं तर पित्ताशय फुटल्याची दाट शंका येते आणि मग गोळ्या नाही, तातडीचं ऑपरेशन. आमचं कमी निघालं, तेव्हा कुठे जीवात जीव आला. शिवाय अल्ब्युमिन एवढं कमी असलं की नुसत्या पाण्यानेही पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसते, त्यामुळे खरं इन्फेक्शन किती हे एका सोनोग्राफीवर ठरत नाही म्हणाले.

औषधं म्हणजे गोचीड तापासाठी डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) चार आठवडे, ती जेवणानंतरच आणि वरून पाणी पाजायचं नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते, सोबत आणखी एक अँटिबायोटिक, पोटातलं पाणी लघवीवाटे उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन आणि लॅसिक्स, आणि पित्तनलिका अडलेली नाही ही खात्री झाल्यावरच उडिलिव्ह (पित्त वाहतं ठेवणारी गोळी). डोस वजनावर असतो, आमचा बघून देऊ नका. लॅसिक्स चालू असताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पुन्हा तपासायला लावलं.

खाण्यात मीठ बंद, तूप बंद, चिकनची साल बंद. भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं पनीर घरी केलेलं. आईचं चोरून बिस्किट देणं मात्र थांबवता थांबवता नाकी नऊ आले! रोज सकाळी उपाशीपोटी टेपने पोट मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, वजनापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला, कारण पाणी उतरलं तरी अंग भरत होतं आणि काट्यावर काहीच कळत नव्हतं.

आता अल्ब्युमिन २.६ आहे, लॅसिक्स सुटलं. गाळ अजून थोडा आहे म्हणून सोनोग्राफी अधूनमधून चालूच, आणि म्युकोसील (पित्ताशयात घट्ट चिकट पदार्थ साठणं) दिसलं तर पित्ताशय काढावं लागेल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.